पाय आवर

आमच्या घरात मोठ्या माणसापुढं पाय लांब करून बसणं म्हणजे फार मोठा गुन्हा. कुणी दारात नुसतं खाकरलं तरी माय चुलीपुढून म्हणायची, "पाय आवर गं." आणि मी आवरायचे. झोपेतसुद्धा आवरायचे. आता माझ्या नाती पाहुण्यासमोर सोफ्यावर पाय पसरून टीव्ही बघतात, आणि मी काही बोलत नाही. सुनेला वाटतं, म्हातारीला आता काही सुचत नाही. मला सगळं सुचतं. मी मुद्दामच बोलत नाही. या दोन शब्दांनी माझ्या भावाचं काय केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आमचं गाव मंठ्याच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला. तेव्हा निजामाचं राज्य होतं. गावाला पाणी एकच, ते म्हणजे बारव. दगडी पायऱ्यांची विहीर. वरून दोर सोडून पाणी काढायची सोय नव्हती. बायका पायऱ्या उतरून खाली जायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवून वर यायच्या. तेच पाणी प्यायचं, तेच रांधायला. पोरं उन्हाळ्यात तिथंच पाय सोडून बसायची. ज्याचा पाय दुखतोय तो तर हमखास बसायचा, कारण गार पाण्यानं आग कमी व्हायची.

आणि पाय तर अर्ध्या गावाचे दुखत होते. नारू. आता हा शब्द उलगडून सांगावा लागतो, हे एक बरंच झालं. पायाला फोड यायचा, आत निखारा ठेवल्यासारखी आग. फोड फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं जंताचं तोंड बाहेर यायचं. ते बारीक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. काडी पायालाच बांधून हिंडायचं. घाई केली आणि दोरा आत तुटला की मेलाच माणूस. पाय सुजायचा, पू व्हायचा, महिनोन्‌महिने खाटेवर. मोठी माणसं म्हणायची, देवीचा कोप आहे, अंगातली उष्णता आहे. गंमत बघा, गावाबाहेरच्या वस्तीला आमच्या बारवेवर पाय ठेवायची बंदी होती. ते लोक ओढ्याच्या वाळूत झिरे खणून पाणी प्यायचे. त्यांच्यात नारू जवळजवळ नव्हताच. सगळं डोळ्यासमोर होतं, पण एवढ्या शहाण्या गावात एकाच्याही डोक्यात ते आलं नाही.

माझा भाऊ माझ्याहून दोन-अडीच वर्षांनी मोठा. त्याला गुडघ्यात नारू झाला. नारू काढायला एक म्हातारी यायची, तिचा हात हलका होता, पण त्या दिवशी दोरा तुटला. गुडघा भोपळ्याएवढा झाला. पाय वाकेना. तो माझ्या खांद्यावर हात टाकून एका पायावर लंगडी घालत शाळेत जायचा, कारण शाळा त्याला जीव की प्राण होती. आणि त्याला पोचवायला गेले की मी तिथंच बसायचे, परत आणायला कोण जाणार म्हणून. आमच्या गावात त्या काळी पोरीला शाळेत घालत नव्हते. मला जी चार अक्षरं आली ती भावाच्या सुजलेल्या गुडघ्यामुळं आली. मी त्या गुडघ्याला दुवा देऊ का शिव्या देऊ, मला अजून कळत नाही.

शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची ओवरी. मास्तर सरकारी, परभणीकडचे, एकटेच राहायचे. मराठी शिकवायचे आणि उर्दूही, कारण सरकारदरबारी सगळं उर्दूत चालायचं. भावाचं उर्दू इतकं साफ, की मास्तर त्याला म्हणायचे, "तू मंठ्याला परीक्षा दे, पुढं जालन्याला शीक, तू नुसता बैलामागं जाणारा पोरगा न्हाईस." भावाला ते शब्द पाठ होते. रात्री अंथरुणावर तो तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचा आणि मी झोप म्हणून त्याला चिमटा काढायचे.

संक्रांतीनंतर मास्तरांनाच नारू झाला. दोन्ही पायांना. मास्तर खाटेवर, शाळा बंद.

मास्तरांना भाकरी नेऊन द्यायला आम्ही पोरं जायचो. त्यांनी एक दिवस भावाचा गुडघा दाबून पाहिला. मग म्हणाले, "हे पिकलंय. आत्ता डाक्टरनं चिरून पू काढला तर पाय वाचतो. असंच राहिलं तर गुडघा धरून बसंल. कायमचा." भावानं घरी येऊन आबांना, म्हणजे आमच्या बापाला सांगितलं. आबा म्हणाले, "खळं झालं की जाऊ जालन्याला." जालना बैलगाडीनं म्हणजे वाटेत मुक्काम करावा लागायचा, आणि आमच्याकडं बैल एकच, जोडीचा भावकीतला मागून आणायचा. ज्वारी खळ्यावर पडलेली. आबा खोटं बोलत नव्हते. खळं झाल्यावर ते खरंच गेले. पण गुडघ्याला खळ्याची काय खबर?

तेवढ्यात गावात दवंडी झाली, की शिमग्यानंतर तालुकदार साहेब दौऱ्यावर येणार. तालुकदार म्हणजे आताचा कलेक्टर म्हणा. आणि सोबत डाक्टर.

भाऊ त्या दिवशी लंगडी घालत घालत मास्तरांकडं गेला. मी खांदा देऊन देऊन वाकले. मास्तर खाटेवर उठून बसले. त्यांनी जालन्याच्या कुण्या डाक्टरकडून ऐकलं होतं, की नारू पाण्यातून येतो. पायऱ्यांची बारव बंद करून आड खणला, वरून पोहऱ्यानं पाणी शेंदलं, पाण्यात कुणाचा पाय गेला नाही, की नारू जातो. "हे मी पाटलाला सांगून सांगून थकलो," मास्तर म्हणाले. "मोठे बोलणार न्हाईत. तुम्ही पोरं बोला. पोरांना कोण फासावर देणार हाये?" आणि त्यांनी भावाला एक वाक्य घडवून दिलं. ते मला अजून येतं. "हुजूर, रिआया की इल्तिजा है कि गाँव को बंद कुआँ मिले, मदरसा जारी रहे, और तबीब भेजा जाए." म्हणजे, गावाला आड द्या, शाळा चालू ठेवा, वैद्य पाठवा. बस, एवढंच. राज्य मागितलं नव्हतं आम्ही.

पण नुसतं बोलून सरकारला खरं वाटेल का? भाऊ म्हणाला, "दाखवायचं. ज्याला ज्याला नारू झालाय त्यानं येऊन बसायचं अन्‌ पाय लांब करायचा. साहेब इचारंल, कुणाला झालंय? मंग सगळे पाय म्होरं. बोलायचं काम माझं."

मग आम्ही घरोघर हिंडलो. भाऊ माझ्या खांद्यावर, मागं चार पोरं. एका घरातल्या बाईनं आम्हाला शेण फेकून मारलं, म्हणाली, माझ्या पोराचं दुखणं काय जत्रेत मांडायचं हाये का. पण पोरं जमली. धनगराचा एक पोरगा होता, त्याच्या टाचेत नारू, तो मेंढरांमागं चवड्यावर चालायचा. तो सगळ्यांत आधी तयार झाला. एकाला नारूच नव्हता, पण त्यालाही यायचं होतं म्हणून तो पायाला चिंधी बांधून आला. भावानं त्याला हाकलला. "सरकारला फसवायचं न्हाई," म्हणाला. केवढा विश्वास होता त्याचा सरकारवर.

बारवेच्या वरच्या पायरीवर आमची तालीम चालायची. कधी धनगराचा पोरगा साहेब व्हायचा, कधी मी. मी साहेब झाले की पोट पुढं काढून, मिशीला पीळ देऊन यायचे आणि विचारायचे, "किसको हुआ है?" की सगळ्यांचे पाय एकदम पुढं. हसून हसून पुरेवाट व्हायची. भाऊ मात्र हसायचा नाही. तो वाक्य म्हणायचा आणि शेवटी "तबीब" म्हणताना स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. माझ्या घोट्यालाही त्या दिवसांत नारूची काडी बांधलेली होती. मला वाटायचं, माझा पाय सगळ्यांत चांगला दिसणार.

साहेब यायच्या दिवशी गाव ओळखू येत नव्हतं. रस्ता झाडला, देवळाला चुना दिला, पाटलाच्या दारात आंब्याचे डहाळे बांधले. आणि मोठे दुखणेकरी सगळे घरात कोंडले. सकाळीच पाटील आमच्या दारात आले. बसले नाहीत. आबांना म्हणाले, "तुझा पोरगा काय कुचकुच करून राह्यला? गावाची इज्जत हाये. दिवस कसले चालू हायेत तुला ठावं न्हाई का? कुणी काई मागितलं की पोलीस म्हंतेत, ह्यो सरकारच्या इरोधात हाये. उद्या गाडीत घालून नेलं मंग?" आबा म्हणाले, "जी." पाटील वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याची स्वतःची सून आतल्या खोलीत नारूनं पडली होती, तिचं विव्हळणं आम्हाला बारवेच्या वाटेवर ऐकू यायचं. त्या दिवशी तिच्या खोलीला बाहेरून कडी होती.

आबा भावाला काहीच बोलले नाहीत. त्यांनी त्याला उचलून देवळापाशी आणून बसवलं सुद्धा, कारण शाळेची पोरं ओळीनं बसलेली दाखवायची होती. शाळा त्या एका दिवसापुरती उघडली. मास्तरांना खाटेवरून आणून खुर्चीवर बसवलं आणि पायांवर घोंगडी टाकली. मास्तरांनी ती घोंगडी स्वतःच घोट्यापर्यंत ओढून घेतली. पण मास्तरांचं तरी काय? सरकारी नोकर उभा राहू शकत नाही असं कळलं तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती, आणि घरी त्यांची म्हातारी त्यांच्याच पगारावर होती.

आम्ही ठरल्याप्रमाणं पाय लांब करून बसलो. ओळीनं. चिंध्या सोडल्या, काड्या दिसू दिल्या. माश्या बसत होत्या, कुणी हाकलल्या नाहीत. आमच्या मागं मोठी माणसं उभी. ओढ्यापलीकडं मोटार थांबल्याचा आवाज आला. मग साहेब आले, चालत, शेरवानी, तुर्की टोपी, डोक्यावर शिपायानं धरलेली छत्री. माणूस सभ्य दिसत होता. मला तर तो फार आवडला. आता हा विचारणार आणि सगळं नीट होणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला. ओरडले नाहीत. रोज घरात म्हणतात तसंच म्हणाले, "पाय आवरा रे पोरांनो."

बस. सगळे पाय एकदम आत. कुणी ठरवलं नाही, कुणी घाबरलं असंही नाही, तेवढाही वेळ नव्हता. दारात पाहुणा आणि मागून बापाचा आवाज. पाय आपोआप आत गेले. धनगराच्या पोरानं मांडी घातली आणि त्याची टाच त्याच्याच मांडीखाली दबली, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण बसला शिस्तीत, हात गुडघ्यावर. माझी काडी माझ्याच पोटरीत टोचत होती. मी फ्रॉक नाही, परकर घालायचे. तो मी पायावर नीट ओढून घेतला. पोरीनं कसं बसावं ते मायनं मला चांगलंच शिकवलं होतं.

एकच पाय बाहेर राहिला. भावाचा. तो वाकतच नव्हता.

शिपाई पुढं आला. "ए, तमीज से बैठ." भावानं दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय ओढायचा प्रयत्न केला. चेहरा पांढरा पडला. पण त्याचं धाडस बघा, त्याच चेहऱ्यानं त्यानं हात जोडले आणि वाक्य म्हटलं. अख्खं. एक अक्षर चुकलं नाही.

साहेब थांबले. आणि हसले. इतके खूश झाले, की शिपायाला हातानं मागं सारलं. "वाह, क्या जबान है," म्हणाले. देहाती पोराच्या तोंडी असं उर्दू त्यांनी कधी ऐकलं नव्हतं म्हणे. मास्तर खांब धरून कसेबसे उठले, घोंगडी कमरेला धरून. साहेब त्यांना म्हणाले, "आपने बहुत मेहनत की है, मदरसा खूब चल रहा है." मास्तरांचं तोंड उघडलं. मी बघत होते. भाऊही बघत होता. मास्तर म्हणाले, "हुजूर की मेहरबानी."

मग साहेबांनी भावाला विचारलं, तबीब कशाला? भावानं सांगितलं, नारू. साहेबांनी आमच्याकडं बघितलं, सगळ्या ओळीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "किसे हुआ है?"

हाच प्रश्न. मी मिशीला पीळ देऊन विचारायचे तो. भावानं आमच्याकडं मान वळवली. त्याला वाटलं असणार, आता होईल. कुणीच हललं नाही. मागं सगळ्यांचे बाप उभे होते. मलाही पाय काढता आला नाही. पाय माझाच होता, पण त्या वेळी तो माझा नव्हता.

साहेब भावाच्या पायाकडं बघून म्हणाले, "और ये?"

"झाडावरून पडला, हुजूर," आबा म्हणाले.

बापाला खोटं पाडायचं, तेही चारचौघांत, तेही सरकारपुढं, हे आमच्यात होत नाही. भाऊ खाली बघत राहिला. पण त्यानं एवढ्यावर सोडलं नाही. तो साहेबांना म्हणाला, "हुजूर, बावली का पानी देखिए." आणि मला डोळ्यानं खुणावलं.

हे आमचं आधीच ठरलं होतं. बारवेचं पाणी जसंच्या तसं तांब्यात आणायचं. त्यात शेवाळाचे तुकडे असायचे, बारीक किडे वळवळताना दिसायचे, उजेडात धरलं की कुणालाही दिसले असते. मी घरी पळाले, म्हणजे लंगडले. माठात सकाळचंच पाणी होतं. तांब्या बुडवला आणि वळले, तर दारात माय.

"कुणासाठी?"

"साहेबाला."

"आगं, पाव्हण्याला असं पाणी देतेत का?" तिनं माझ्या हातातून तांब्या घेतला. खुंटीवर एक पांढरं फडकं असायचं. देवाचं आणि पाहुण्यांचं पाणी त्यातून गाळायची आमच्याकडं रीत होती. घरच्यांसाठी कोण गाळत बसणार, घागरी घागरी पाणी लागायचं. मायनं फडकं दुहेरी घडी घातलं, चकचकीत घासलेल्या तांब्यावर धरलं आणि पाणी ओतलं. फडक्यावर जे राहिलं ते तिनं परसात झटकलं. मी म्हणत होते, माय, तसंच दे, तसंच पाह्यजे. तिनं माझा परकर खाली ओढला, केस सारखे केले आणि म्हणाली, "नीट दे. दोन्ही हातांनी."

साहेबांनी तांब्या उजेडाला धरला. भावानंही बघितलं. पाणी काचेसारखं होतं. साहेब वरून धार धरून प्याले, मन लावून प्याले, ऊन फार होतं. मग म्हणाले, "माशाअल्लाह, मीठा पानी है." आणि भावाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, असं गोड पाणी शहरातसुद्धा मिळत नाही, बेटा.

भाऊ माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

साहेबांसोबत आलेले डाक्टर तोवर पाटलाच्या ओसरीवर चहा पिऊन परत निघाले होते. साहेबांनी जाता जाता त्यांना सांगितलं, हा पोरगा झाडावरून पडलाय. डाक्टरनं लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "मालिश करो, ठीक हो जाएगा." वीसच पावलांवर तर होते. वीस पावलं चालून आले असते तर हात लावून कळलं असतं.

आता सरकारी डाक्टरनं सांगितलं म्हटल्यावर माय रोज तेल कोमट करून मालिश करायला लागली. पिकलेल्या गुडघ्याला मालिश. भाऊ उशी दातांत धरायचा. मी बारवेवर निघून जायचे आणि घागर घेऊन उगाच बसून राहायचे. झाडावरून पडलेला नाही हे मायला ठाऊक होतं, आबांना ठाऊक होतं. पण सरकारनं सांगितलंय, तर काहीतरी असेल, असं त्यांना वाटायचं. आपलं खोटं सरकारच्या तोंडून परत आलं की माणसाला ते खरं वाटायला लागतं. मी तरी असंच पाहिलंय.

खळं झालं. आबांनी बैल मागून आणला आणि भावाला घेऊन जालन्याला गेले. तिथं पू काढला, पाय वाचला. गुडघा वाचला नाही. तिथल्या डाक्टरनं म्हणे आबांना विचारलं, इतके दिवस काय केलं? आबा तिथं काय बोलले मला ठाऊक नाही. परत आले ते गाडीतून उतरून सरळ गोठ्यात गेले. त्यानंतर मरेपर्यंत त्यांच्या तोंडून मी "पाय आवर" ऐकलं नाही. मला आबांचा फार राग आला होता. अजून येतो. आणि त्यांची कीवही येते, त्याला मी काय करू?

मास्तरांची साहेबांच्या खुशीतून बढती झाली, ते मोठ्या गावी गेले. बदली मास्तर लवकर आलाच नाही. मंठ्याची परीक्षा तर राहूनच गेली. मांडी घालून बसता येत नाही त्या पोराला कुणी दुसऱ्याच्या शाळेत ओळीत बसवलं नसतं, निदान भावाचं तसं म्हणणं होतं. मग रझाकारांचे दिवस आले, पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, सरकार बदललं. बारव होती तिथंच राहिली. भाऊ शेतात बसून करता येतील ती कामं करायचा. लग्नात, तेराव्याला, कुठंही गेला तरी खांबापाशी बसायचा, पाय लांब, आणि जो येईल त्याला म्हणायचा, "पायाची माफी करा." ओळखीच्यालाही म्हणायचा. जन्मभर म्हणायचा.

पुढं पुष्कळ वर्षांनी, आमचा जालना जिल्हा नवीनच झाला होता तेव्हा, मी माहेरी गेले होते. आबा नव्हते. माय खूप थकलेली. दुपारची एक पोरगी आली, सरकारी, आरोग्य खात्याची, उन्हानं लाल झालेली. तिच्या पिशवीत पांढऱ्या कापडाचे चौकोनी तुकडे होते. आम्हाला बसवून म्हणाली, "पाणी दुहेरी कापडातून गाळून प्यायचं. बाकी काही नको. नारूचा किडा कापडावरच राहतो. एवढं केलं तरी नारू जातो."

मायला कमी ऐकू यायचं. मी कानाशी जाऊन सांगितलं. मायनं ते कापड हातात घेऊन बोटांनी चाचपलं. मग म्हणाली, "हे तर आपल्या खुंटीवर होतंच की."

पोरीला त्यातलं काय कळणार. तिनं तिचं ठरलेलं विचारलं, "या घरात नारू कुणाला झाला होता का?"

भावाचा पाय तर पुढं होताच. मी त्याच्याकडं बघितलं, आणि माझं लुगडं वर सरकवून माझा पाय लांब केला. घोट्याशी वण आहे, अजून आहे. माझं बघून मायनंही पाय पुढं केला. म्हातारीच्या नडगीवर चार वण होते, मला जन्मात कधी दिसले नव्हते. तिघांचे पाय त्या पोरीपुढं ओळीनं. कुणी आवरा म्हणालं नाही. आता म्हणायला राहिलंच कोण होतं.

भावानं हात जोडले. मला वाटलं, माफी मागतोय. तो म्हणाला, "हुजूर, रिआया की इल्तिजा है कि गाँव को बंद कुआँ मिले, मदरसा जारी रहे, और तबीब भेजा जाए." अख्खं. "तबीब" म्हणताना हात गुडघ्यावर.

पोरगी आमच्याच बाजूची, तिनं असलं उर्दू कधी ऐकलं नसणार. ती माझ्याकडं बघून हसली. "काय म्हणले मामा?"

"काई न्हाई," भाऊ म्हणाला. "पाव्हणी आलीय, पाणी द्या म्हणलं."

माय भिंतीला धरून उठली आणि खुंटीकडं गेली.